रॉकेट पडतं कुठं?

सिंदेवाहीच्या तळ्यावरचा तो म्हातारा मासेमार कोणतीही बातमी दोनदा ऐकल्याशिवाय सोडत नसे. जपानात पेन्सिलीएवढ्या रॉकेटपासून सुरुवात झाली आणि आता घन इंधन भरलेलं मोठं रॉकेट वरची हवा मोजायला सोडलं, हे मी पेपरातून वाचून दाखवलं, तसा तो उभाच राहिला.

"आणखी एकडाव वाचा जी, गुरुजी! किती वर गेलं?"

"ढगांच्याही वर. मग समुद्रात पडलं."

"समुद्रात? तिथी जाळे टाकून लोक नसतीन का?"

पेपरात तेवढं लिहिलं नव्हतं.

दिवाळीला त्यानं एक बाण आणला. पेटवण्याआधी पाण्यात उतरून हाका मारमारून तळ्यातले मासेमारांचे सगळे डोंगे काठावर आणले. बाण सुसाटत वर गेला आणि तो ओल्या धोतरानिशी नाचू लागला, "गेला रे! हवा मोजाले गेला!"