हैदराबादेतलं माझं पहिलं घर (दुसऱ्याचं)

हैदराबादेत पाऊल टाकल्यावर तासाभराच्या आत मी एका सभ्य म्हाताऱ्याला त्याच्या स्वतःच्या घरातून बाहेर काढलं.

यात माझा हेतू वाईट नव्हता. सवय वाईट होती.

आमचे हे सरकारी देवी डॉक्टर. म्हणजे देवीची लस टोचणारे. डॉक्टर म्हणायचं ते लोकांनी, हे स्वतः कधी म्हणाले नाहीत (आणि कुणी म्हटलं तर दुरुस्तही केलं नाही). पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, गावोगाव टोचणीची मोहीम निघाली होती, आणि आमचं नवंकोरं लग्न त्या मोहिमेत सापडलं होतं. वर्षभर आम्ही बैलगाडीत संसार केला. औराद, भालकी, हुमनाबाद, आळंद. पंधरा दिवस एका गावात, की उचल ट्रंक! हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या गाडीत बसल्या की डोळे मिटायच्या आणि गाव आलं की उघडायच्या; त्यांच्या मते वर्षभर आम्ही एकाच गावात होतो, फक्त शेजारी बदलत होते.

त्या वर्षात मी दोन गोष्टी शिकले. पहिली, कुठल्याही परक्या घरात वीस मिनिटांत संसार मांडायचा. गावचा पाटील एखादं घर उघडून द्यायचा. चूल पेटवलेली, कोपऱ्यात पिठाची टोपली, ताकाचं भांडं, सगळी माणसाची सोय. कुणाचं घर, कुणाचं पीठ, विचारायची पद्धत नव्हती. मी बसवण्णांची तसबीर खिळ्याला अडकवायची, की घर आपलं!

दुसरी गोष्ट म्हणजे माणूस दारात आला की त्याचा दंड धरायचा. कारण यांना बघून गाव पळायचं. कडगंचीला तर पोरं लिंबाच्या झाडावर जाऊन बसली, आणि त्यांना उतरवायला गेलेला कोतवालही वरच राहिला. तेव्हापासून दारात मी बसायला लागले. मराठी माणूस आला तर मराठीत, कन्नड आला तर "बा मगा, बा" (ये लेकरा, ये) करत जवळ घ्यायचं, नाव-गाव विचारत बाही वर सारायची, आणि तो सुनेच्या तक्रारी सांगण्यात रंगला की यांनी मागून यायचं. माझ्या तावडीतून एकही दंड सुटला नाही.

आणि मग एकदाची हैदराबादेची बदली झाली. टेबल! खुर्ची! वर पंखा! हे आधीच जाऊन भाड्याचं घर ठरवून आले होते. हुमनाबादहून बसनं, पुढं टांग्यानं आम्ही सकाळच्या पारी त्या मोहल्ल्यात पोचलो. टांगा एका पिंपळाशी थांबला. पुढं गल्ली अरुंद, टांगा जाईना.

हे सामान उतरवता उतरवता म्हणाले, "पिंपळाजवळची गल्ली. डाव्या हाताचं तिसरं घर, हिरवं दार. मालक कुलूप काढून ठेवतो म्हणलाय. थांब जरा, मी दाखवतो."

"कामून थांबू? पंचवीस गावं बघितली म्या. एक दार सापडंना व्हय?"

"हे हैदराबाद हाय, शांता."

"हिरवं म्हणजे हैदराबादेत बी हिरवंच असंल की!"

एका काखेत बोचकं, दुसऱ्या हातात वरवंटा, अशी मी निघाले. पिंपळाजवळची गल्ली, डाव्या हाताचं तिसरं घर, हिरवं दार, उघडं. सगळं बरोबर! (पिंपळाच्या दोन्ही अंगांना एकेक गल्ली होती, आणि कुण्या रंगाऱ्यानं दोन्ही गल्ल्यांतली झाडून सगळी दारं एकाच दिवशी हिरवी केली असावीत, हे मला नंतर कळलं. तेव्हा उशीर झाला होता.)

आत गेले तर शेगडीत निखारे! डब्यात पीठ! माठ भरलेला! मला गहिवरून आलं. म्हटलं, आपल्याकडचा पाटील काय करील, असा हा घरमालक! शहरात माणुसकी नसती म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती पडो.

दोरीवर धोतर वाळत होतं. आधीचा भाडेकरू विसरला असणार. घडी घालून ओसरीवर ठेवलं. लोणच्याच्या चार बरण्या वाटेत होत्या, त्याही ओसरीवर. भिंतीवर पगडीवाल्या एका म्हाताऱ्याचा फोटो होता, चांगला हार घातलेला. तो काढून बरण्यांना टेकवला आणि त्या खिळ्यावर बसवण्णांची तसबीर लावली. मग परात ओढली आणि भाकरी थापायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर टाकते तोच दारात सावली पडली.

पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. एका हातात छत्री, दुसऱ्यात वांग्यांची पिशवी. ते आधी ओसरीवरच्या फोटोकडं बघत राहिले, मग माझ्याकडं.

"कौन?" ते म्हणाले.

"या या, अण्णा! बसा. भ्यायचं न्हाई. डॉक्टर यायलेतच."

ते बसले. (सांगितलं की बसणारा माणूस होता बिचारा.) मी पिठाचे हात झटकले आणि त्यांचा दंड धरला.

"नाव काय तुमचं?"

"नरसिंगराव... लेकिन ये कायकू?"

"बाही वर घ्या. हां. जुने वण हायती की! एकदा टोचून घेतलंय, मग आता घाबरायलाव कामून?"

नरसिंगरावांनी घराभर नजर फिरवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, ये घर... सरकार ने लिया क्या?"

आता आमचं भाडं काही सरकार देत नव्हतं, पण सरकारी माणसाला घर म्हणजे सरकारी घरच की! मी म्हटलं, "व्हय. सरकारी काम हाय. आता आमी इथंच ऱ्हाणार."

त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली होती, हे मला मागाहून समजलं. हुकूम म्हणजे हुकूम, एवढं त्यांना त्या तीस वर्षांनी शिकवलं होतं. ते म्हणाले, "मेरे को कागज नहीं आया."

"कागद कशाला लागतोय? तोंडी सांगितलं की झालं."

"फिर मैं किधर जाऊं?"

"आता जरा शेजारीपाजारी सांगून या. डॉक्टर आले की बोलावते. मग जावा आपल्या घरी!"

नरसिंगराव उठले. वांग्यांची पिशवी तिथंच राहिली. जाताना त्यांनी फोटोतल्या वडिलांना तेवढं छातीशी धरलं. मी मनात म्हटलं, शहरी माणूस, पण किती हळवा! टोचून घ्यायच्या नुसत्या नावानं डोळ्यांत पाणी!

पाच मिनिटांत गल्ली लोटली. नरसिंगरावांचं घर सरकारनं घेतलं हे ऐकून लोक बघायला आले होते. मला वाटलं, टोचून घ्यायला आले! आनंदानं मी वेडी व्हायची राहिले. वर्षभर ज्यांच्यामागं रानोमाळ पळावं लागलं, ते इथं आपल्या पायानं दारात! बोचक्यातली यांची दौऱ्याची वही काढली, पेन्सिल घेतली.

"बाया हिकडं, बाप्ये तिकडं! बाह्या वर! नावं सांगा!"

सरकारी वही उघडली की नाव सांगायचं, असा तो रेशनचा काळ. एकानं हळूच विचारलं, "शक्कर मिलती क्या?" त्याच्या मागच्यानं आपल्या मागच्याला सांगितलं की साखर मिळायलीय. रांग दुप्पट झाली.

इकडं पिंपळाखाली निराळंच चाललं होतं. हे सामान घेऊन खऱ्या घरी गेले तर घर उघडं आणि आत चिमणीसुद्धा नाही. आत्याबाई ट्रंकेवर बसून मोठ्यानं रडत होत्या. "माझी सून शहरानं गिळली गं बाई!" हे जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून विचारत होते. एका पानवाल्यानं म्हणे चौकशी केली, "कैसी थी साब?"

"हिरवं लुगडं. काखेत बोचकं. हातात वरवंटा."

"हाथ में वरवंटा? फिर उसकी फिकर नक्को करो साब. सामनेवाले की करो."

शेवटी कुणीतरी म्हणालं, बाजूच्या गल्लीत एक बाई सरकारी साखर वाटतेय. हे धावत आले. बघतात तो चाळीस-एक माणसं दंड उघडे टाकून उभी, आणि दारात मी!

"शांता! काय करायलीस?"

"आलाव व्हय? बघा, शहरातली माणसं किती शहाणी! एक बी पळालं न्हाई!"

"हे आपलं घर न्हाई."

"म्हणजे?"

"आपलं घर पलीकडच्या गल्लीत हाय."

तेवढ्यात रांगेतून वाट काढत नरसिंगराव पुढं आले, फोटो अजून छातीशी धरलेला, आणि यांना हात जोडून म्हणाले, "डॉक्टर साब, घर शाम तक खाली करतूं. बस, मेरी घरवाली को देवल से आने दो."

माझ्या हातातली पेन्सिल गळाली. धरणी दुभंगावी असं सीतेला का वाटलं असेल, ते मला त्या क्षणी नीट समजलं. मी वाकून त्या म्हाताऱ्याचे पाय धरले. "अण्णा, चुकले मी! घर तुमचंच हाय. मी आपली आंधळी!"

 नरसिंगराव खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडले, पुन्हा हसले. "मेराच है? घर मेराच है?" असं चारदा विचारून त्यांनी खात्री करून घेतली. एवढ्यात त्यांच्या पत्नी सत्यम्मा देवळातून आल्या. त्यांनी ओसरीवरच्या बरण्या बघितल्या आणि तेलुगूत जे सुरू केलं, ते मला एका अक्षरानं कळलं नाही आणि सगळं समजलं. बसवण्णांची तसबीर उतरवून मी निघाले, तर त्यांनीच हात धरून बसवलं. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता, पण परातीत पीठ तसंच होतं ना! मग आत्याबाईंनाही बोलावणं गेलं. त्या आल्या, सूनबाई जिवंत असल्याचं बघितलं, दोन भाकऱ्या वांग्याच्या भाजीशी खाल्ल्या आणि म्हणाल्या, "ह्या गावचा पाटील बरा दिसतोय."

रांग मात्र हटेना! साखर नाही म्हणता? मग टोचा तरी! बाह्या फुकट वर केल्या का? यांच्याजवळ ना लस, ना टोचणी. "उद्या कचेरीतून माणूस आणतो," असं सगळ्यांना कबूल करून हे घरी आले, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायला गेले ते वही घेऊनच. संध्याकाळी परतले, चप्पल काढली, पाणी प्याले, भिंतीकडं बघत बसले.

"साहेब रागावले व्हय?" मी भीत भीत विचारलं.

"न्हाई. लई खूश झाले. म्हणाले, ह्या मोहल्ल्यात आमची माणसं गेली की लोक दारं लावून घेतात, आणि तुम्ही एका सकाळी चाळीस नावं आणली!"

"मग तोंड असं कामून?"

"म्हणाले, असला माणूस खुर्चीवर वाया कामून घालवायचा? सोमवारपासून शहरभर फिरती. पंधरा-पंधरा दिवस एकेक मोहल्ला."

मी रिकामा तांब्या उचलला.

"नावं कुणी लिहिली म्हणून विचारले. मी खरं सांगितलं. तर म्हणाले, बाईंना बी संगं न्या."

फिरती सुटावी म्हणून यांनी वर्षभरात सात अर्ज केले होते. ती पुन्हा मिळवायला मला एक सकाळ पुरली, आणि तीही भाकरी थापता थापता!