कापडी सापांची परीक्षा

निजामाच्या राज्यात आष्टीच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, मी मास्तर होतो. गावात साप दिसला की तो मेलाच म्हणायचा; विषारी होता की नव्हता याची चर्चा मेल्यावर. औरंगाबादेस शिकताना मी सापांचा थोडा नाद केला होता. म्हणून गावकऱ्यांसाठी वर्ग काढला. साप लांबून ओळखायचा, मारायचा नाही, आणि कोणता, कुठं दिसला ते मदरशाच्या भिंतीवर गेरूनं मांडायचं.

पहिल्या दिवशी पुरुष आले आणि विड्या ओढून गेले. मग बायका आल्या आणि टिकल्या. त्यांत पाटलांची सून सगळ्यांत भित्री. फळ्यावर नाग काढला तरी दाराकडं सरकायची. "गुर्जी, तेवढं पुसा की आधी!"

फळ्यावरच्या चित्रावरून अंदाज येईना, तेव्हा बायकांनी जुन्या धोतरांचे साप शिवले. आत चिंध्या, वरून काजळ, चुना, गेरू. घोणशीच्या पाठीवरची साखळी सुनेनंच रंगवली, अर्धे डोळे मिटून.

मग परीक्षा घेतली. पाटलांच्या मळ्यात साप लपवले आणि एकेकीला शोधायला सोडलं. हात लावायचा नाही, उभ्या जागेवरून खुणा सांगायच्या. सून कडब्याच्या गंजीपाशी थांबली आणि खणखणीत आवाजात सांगू लागली, "अंग पिवळट. डोळा मोठा. शेपटीकडं काळ्या रेघा. धामण हाय, गुर्जी!"

"बराबर! शाबास!" मी म्हणालो. आणि मग माझ्या ध्यानात आलं, धामण आम्ही शिवलीच नव्हती.

"वहिनी, मागं सरका."

"थांबा की, लांबी सांगायची राह्यली. पुरुषभर तरी आसंल. अन् गुर्जी, ही हलून राह्यली."

बाकीच्या बायका ओरडत पळाल्या. ओरडा ऐकून पाटील काठी घेऊन धावत आले. सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी पदर पुढं ओढून ती म्हणाली, "मामंजी, काठी खाली घ्या. बिनविषारी हाय. आपल्या कडब्यातले उंदरं खायला आली ती."

पाटलांची काठी वरच राहिली. ते कधी सुनेकडं, कधी माझ्याकडं बघत राहिले. तेवढ्यात धामण सळसळत बांधापलीकडं गेली. मग मात्र सून मटकन खाली बसली आणि हसत सुटली. मीही जवळच बसून घेतलं.

"पास केली का तिला?" पाटलांनी खाकरून विचारलं.

"पहिल्या नंबरानं."

त्या वर्षी नागपंचमीला ती माहेरी अंबडकडं गेली. सण झाला तरी परतली नाही. पाटलांनी गडी पाठवला, तोही एकटाच आला. "वैनीसाब म्हन्ल्या, तिथल्या बायका साप वळखाया शिकून राह्यल्यात. वर्ग पुरा झाल्याबिगर येत न्हाई."

पाटील म्हणाले, "आसू दे. बिलकुल घाई न्हाई म्हनावं."