हात मांडीखाली

गडहिंग्लजहून कोल्हापूरला येताना एसटीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मोबाईलची मेमरी भरली म्हणून मी जुने फोटो निवडले. डिलीट दाबणार, तोच ते ओरडले, "थांबा पावणं! हात मांडीखाली घ्या. काय पुसताय ते मोठ्यानं वाचा की."

"कशाला?"

"मेनफ्रेमवर होतो मी, खोलीएवढ्या कॉम्प्युटरवर. घाईत माहिती साठवलेली भलतीच टेप पुसली. तवापासनं ही सवय हाय."

मी हसत वाचू लागलो. "ऊस, ऊस, म्हैस, माझा पदवीदानाचा झगा घातलेले आबा..."

घरातला पहिला पदवीधर मी. आबा गेल्यावर त्यांचा तेवढा एकच फोटो उरलाय.

"अडखळलासा न्हवं? तिथंच चूक असत्या," म्हणत ते उठले. रिकाम्या सीटकडं बघून पुटपुटले, "चष्मा, पिशवी, छत्री," आणि उतरले.

त्यांच्या टेपवर काय होतं, ते विचारायचं राहूनच गेलं.