अंबाडीचं पाणी

मार्गशीर्षातला सोमवार, सकाळी दहा. दिग्रसच्या एका जिनिंगचं, कापसातली सरकी काढायच्या गिरणीचं, आवार. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि जिनिंगचे शेठ.

यजमान तिथे कापूस पारखायचे. चिमूटभर तंतू बोटांत धरून ताणायचे आणि प्रत सांगायची. बोंडअळीच्या त्या वर्षी आमच्याच वावरात फवारताना त्यांना विषबाधा झाली. जीव वाचला, पण नंतर हात थरथरत राहिले, बोलता बोलता शब्द हरवू लागले. शेठांनी निरोप धाडला: सोमवारी पारख करून दाखवा, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.

डॉक्टरांनी समजावलं होतं, विषामुळे मेंदूच्या पेशींना जणू गंज चढतो. तो थोपवणारे अँटिऑक्सिडंट पालेभाज्यांत, आवळ्यात, गडद रंगाच्या फळांत असतात. ते औषधाबरोबर, औषधाऐवजी नव्हे. मी आठवड्याची यादी करून स्वयंपाकघराच्या दाराला लावली. तिसऱ्याच दिवशी सासूबाई अंबाडी उकडून, पिळून, पाणी मोरीत ओतताना दिसल्या.

"आई, भाजीतलं बरंचसं सत्त्व त्या पाण्यात उतरतं."

"माह्या सासूनं फेकलं, मी फेकून राह्यली. एवढं आंबट कोन पेते?"

"डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरच्या घरी अंबाडी रांधते काय कोनी?"

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच, मला न विचारता, अंबाडीच्या ताज्या पाण्यात ज्वारीच्या कण्या शिजवल्या. यजमानांनी दोनदा वाढून घेतल्या. मी यादीत कण्या लिहिल्या.

सोमवारी शेठांनी पाच ढीग मांडले. यजमानांचा हात हलत होता. त्यांनी कोपर पोटाशी घट्ट धरलं आणि तीन ढिगांची प्रत न अडखळता सांगितली. चौथ्यापाशी थांबले. सासूबाईंनी माझं मनगट आवळलं.

"याले वजनासाठी पाणी मारलं आहे, शेठ. वरून सुका, आतून ओला," यजमान म्हणाले.

शेठांनी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. "सकाळी मीच घेतला हा माल."

"मंग उद्यापासून तुम्ही नका घेऊ."

शेठ खो खो हसले. "उद्या कायले, आताच बसा काट्यापाशी पारखायले."

या सुधारण्यात कशाचा किती वाटा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सासूबाईंनी मात्र गल्लीभर स्वतःच्या कण्यांचं नाव केलं, आणि मी ते खोडलं नाही. घरी येऊन यादीतल्या रांधून झालेल्या ओळींवर एकेक रेघ मारली. तळाशी मी नंतर लिहिलेली एक ओळ तेवढी उरली आहे: गोठ्यात टांगलेला फवारणीचा पंप मोडीत काढायचा.