टाकीतला लाल चेंडू

बाबा गेल्यावर आज पहिल्यांदा आमच्या आर्णीच्या घरची पाण्याची टाकी धुतली. दरवर्षी तेच धुवायचे. या वेळी प्लंबर बोलावला.

त्याने झाकण उघडून मला हाक मारली. टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या फ्लोटच्या जागी तारेने बांधलेला माझा लाल चेंडू होता! चौथीत असताना हरवलेला. तेव्हा बाबांनी माझ्यासोबत अख्खी गल्ली धुंडाळली होती.

आईला विचारलं. ती कित्येक दिवसांनी हसली. "त्याईनंच नेलता. त्या साली कापूस बुडालता, नवा फ्लोट कुठून आणतीन? तुले सांगू नको म्हणे, पोरगं रडन."

"भाऊ, नवा बसवू?" प्लंबरने विचारलं.

"यानं पाणी थांबते ना?"

"थांबते."

"मग राहू द्या."

तुमच्या घरात कुणाच्या हातची अशी जुगाड-दुरुस्ती अजून टिकून आहे का?