कूलर चेक करणारा

गेल्या वर्षी मे महिन्यात आमचा कूलर गारव्याऐवजी नुसती चिकचिक द्यायला लागला, म्हणून मी कोपऱ्यावरच्या कूलरवाल्याला बोलावलं. तो भर दुपारी आला आणि कूलरला हातही न लावता त्याने मी घट्ट लावलेली समोरची खिडकी उघडली.

"हा एसी नाय, साहेब. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट पाहिजे."

पाच मिनिटांत खोली गार झाली. मग 'चेक करतो' म्हणत तो कूलरपुढे मांडी घालून बसला, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि डोळे मिटले. तासाभराने मी विचारलं, "तुमच्या घरी कुठला कूलर आहे?"

"घरी पंखाच हाय," तो डोळे न उघडता म्हणाला. "म्हणून तर दुपारची कामं घेतो."

यंदा कूलर ठणठणीत आहे. तरी काल दुपारी तो चेक करायला आला.