ग्वाल्हेरमधलं भोपाळचं ताट

चंपाषष्ठीला ग्वाल्हेरला जायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याला सांगितलं की किल्ला पाहायचाय. खरं कारण निराळं होतं. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि माझ्या माहेरच्या घराण्याचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा-भवानी, मला भोपाळला आणायचे होते. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेरच्या मोती महालातल्या कचेरीबरोबर माझ्या कारकून आजोबांचीही उचलबांगडी झाली. ते थोरले, मान त्यांचा. पण देवांची बदली होत नसते म्हणत टाक धाकट्या भावाकडे ठेवून गेले. शरददादा त्या धाकट्या भावाचा नातू. देव त्यांच्याकडे, किल्ला त्यांच्याकडे आणि आम्हाला सरकारी क्वार्टर! लहानपणापासून मी यावर जळते आहे.

राहायला पडाव भागात हॉटेलं पुष्कळ आहेत, स्टेशनही जवळ. मार्गशीर्षात जाणार असाल तर स्वेटर आणि शाल दोन्ही न्या. किला गेटपर्यंत ऑटो करा, भाडं आधी ठरवा आणि पुढचा चढ पायी चढा. वर मान मंदिर महालाच्या भिंतीवरची रंगीत बदकं पाहून मी खूश झाले आणि लगेच मनात आलं, दादाच्या घरच्यांना हे सगळं रोज फुकट दिसतं. खाली शहरात बाड्याच्या चौकातली गरम कचोरी खाल्ली. तीही भोपाळपेक्षा चांगली निघाली.

संध्याकाळी दादा मला कॉलेजच्या हॉकीच्या मैदानावर घेऊन गेला. तिथे तो कोच होता. रिटायर झाला तरी पाय तिकडेच वळतात.

"तुझे आजोबा इसी मैदान पे लेफ्ट आउट खेळायचे, मालूम आहे ना?"

मला मालूम नव्हतं. आजोबा माझे आणि माहिती यांना! माझा नुसता जळफळाट झाला. तेवढ्यात दादाने हॉस्टेलवर राहणाऱ्या गोलकीपर मुलीला हाक मारली, "पुष्पा, कल खाना हमारे यहाँ."

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी. वहिनींनी एक ताट जास्त मांडून मला त्यावरच बसायला सांगितलं.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"भोपाळचं. तुमचे आजोबा तिकडे राहायला गेले तेव्हापासून दर चंपाषष्ठीला लागतं. रिकामं ठेवायचं नाही, म्हणून मैदानावरून कोणाला तरी बोलवतो. आजेसासऱ्यांनी घालून दिलंय तसं."

इतक्यात पुष्पा आली आणि मला तिथे बसलेली पाहून दारातच थबकली. मी उठू लागले.

"नहीं दीदी, आप बैठिए," ती म्हणाली. "वैसे दो साल से यहाँ मैं ही बैठती हूँ."

वहिनींनी तिच्यासाठी दुसरं ताट आणलं.

जेवण झाल्यावर दादाच म्हणाला, "टाक न्यायला आलीस ना, नीलू? घेऊन जा. हक तो तेरा ही है."

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं मला. पण या घरातून देव हलले की चंपाषष्ठीचं जेवणही हलणार आणि ते ताटही उठणार, हे दिसत होतं.

"नको," मी म्हटलं. "लेकीसाठी नवे करून घेते."

मुक्काम वाढवला. दादाच्या ओळखीच्या सोनाराने जुने टाक समोर ठेवून नवे घडवले. नया बाज़ारातून तीळगुळाची कुरकुरीत गजक घेतली आणि परतीची गाडी धरली. थंडीत गेलात तर गजक चुकवू नका.

घरी आल्यावर नव्या टाकांची पूजा केली. ते जरा जास्तच चकचकीत दिसतात. नवऱ्याने विचारलं, "कसा होता किल्ला?"

"छान," म्हटलं.

किल्ल्याचा हेवा आता उरला नाही. देवांचाही नाही. आता जळते ती मैदानावरून दरवर्षी येऊन माझ्या ताटात पोटभर जेवून गेलेल्या सगळ्यांवर. त्यांना बोलावणं जात होतं. आणि मी इकडे बसून समजत होते की तिथे आमची कुणाला आठवणच नाही.